आपले गाणे ऐकणार कोण?

आमच्या वऱ्हाडात 'बँड' म्हटले, की डोळ्यांपुढे येतो तो वरातीचा. लाल डगले, चकचकीत पितळी वाद्ये आणि पुढे नाचणारी नवरदेवाची मित्रमंडळी. त्यामुळे जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या घरातला कॉलेजकुमार 'आम्ही चौघांनी बँड काढला' असे सांगू लागला, तर आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कोणाच्या लग्नात वाजवणार रे बाबू?' हसण्यावारी गेलेल्या या प्रश्नात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. लग्नात वाजवायचे नाही, सिनेमातले गायचे नाही, तर मग तुमचे ऐकणार कोण?

रॉक बँड म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. चार-पाच जण, गिटार, बेस, ड्रम, एखादा की-बोर्ड. आवाज मोठा, हे खरे. पण ती त्याची ओळख नव्हे. गाणे लिहिणारे, चाल लावणारे, वाजवणारे आणि गाणारे तेच, ही खरी ओळख. आपल्या सिनेसंगीतात गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. बँडात सगळे घरचे. म्हणूनच बँडच्या आयुष्यात पहिल्या अल्बमला मान असतो तो भाड्याच्या खोल्यांत वर्षानुवर्षे काढून स्वतःचे घर बांधणाऱ्या माणसाच्या वास्तुशांतीचा. तोपर्यंत दुसऱ्यांची गाणी वाजवायची. अल्बम आला की म्हणायचे, हे आमचे.

हे घर बांधायला आपल्याकडे किती वर्षे लागतात? उदाहरणे मुंबईतलीच घेऊ. आत्माराम भेंडे हे नाव मराठी नाट्यरसिकांना सांगायला नको. त्यांचे चिरंजीव नंदू भेंडे रॉकच्या वाटेला गेले. १९७४ साली अॅलेक पदमसींनी मुंबईत बसवलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्यूडास रंगवला आणि पुढे पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी प्रेक्षकांनाही त्या गाण्याची चुणूक दाखवली. सत्तरच्या दशकात ते 'अॅटॉमिक फॉरेस्ट' या मुंबईच्या बँडमध्येही होते. या बँडची एकुलती एक तबकडी, 'ऑब्सेशन ७७', बाजारात आली ती १९८१ साली. तोवर बँड मोडून गेला होता! बारशाला घुगऱ्या वाटल्या, पण पाळणा रिकामा. गंमत अशी, की तीस वर्षांनी, २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने हेच संगीत पुन्हा प्रसिद्ध केले. जगभरातले शौकीन ते शोधून ऐकू लागले. नंदू भेंडे २०१४ साली गेले. आपल्या माणसाची किंमत परक्याने सांगितल्यावर कळावी, ही आपली जुनीच खोड.

दुसरे उदाहरण 'रॉक मशीन'चे. १९८४ साली मुंबईत हा बँड उभा राहिला. त्यात गिटारवर महेश तिनईकर होते. उदय बेनेगल या बँडचा आवाज झाले. सुरुवात सगळ्यांसारखीच, परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवण्यापासून. श्रोते तेच मागायचे. तरीही या पोरांनी स्वतःची गाणी बांधली आणि चार वर्षांनी, १९८८ मध्ये, पहिला अल्बम काढला. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नवे नाव घेतले. १९९७ मध्ये बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा जुळला आणि २०१२ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. तोवर केस पिकू लागले होते. हौस मात्र पिकली नव्हती.

तिसरे दिल्लीचे, 'इंडियन ओशन'. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांची गाठ पडली १९८४ मध्ये. बँडला नाव आणि रूप आले १९९० मध्ये. वाद्यसंगीताची एक नमुना ध्वनिफीत तयार करून त्यांनी ती एचएमव्हीकडे धाडली आणि पहिली कॅसेट दुकानात आली १९९३ मध्ये. म्हणजे पहिल्या भेटीपासून नऊ वर्षे. नऊ वर्षांत पहिलीतले पोर दहावीला जाते! बँडमध्ये पुढे आलेले राहुल राम तर परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले आणि नर्मदा आंदोलनात खोऱ्यातल्या गावांतून फिरलेले. त्या खोऱ्यातले गाणे त्यांनी सोबत आणले आणि गिटारवर चढवले. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्या वाद्यांना जुनी माती वर्ज्य नसते.

मग एवढा उशीर का? गुणवत्ता कमी म्हणून? मुळीच नाही. एक तर वाद्ये. त्या काळी बाहेरची गिटार किंवा अॅम्प्लिफायर आणणे म्हणजे परवाने, जकात आणि ओळखीपाळखीचा मामला. दुसरे म्हणजे जागा. बँडला रोज तास-दोन तास मोठ्याने वाजवायला खोली लागते आणि अशी खोली शेजाऱ्यांच्या शिव्या न खाता मिळणे दुर्मीळ. 'इंडियन ओशन'ने दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात वर्षानुवर्षे तालीम केली, त्या घराचा पत्ताच पुढे एका अल्बमचे नाव झाला, '१६/३३० खजूर रोड'. घराचे ऋण याहून सुंदर कोणी फेडले असेल? मुंबईत रंगभवनाचे खुले पटांगण अशा पोरांचे माहेर होते. परंतु जवळ रुग्णालय, म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमांखाली तिथला आवाज बंद झाला. नियम चुकीचा नव्हता. आजाऱ्याला झोप हवीच. मात्र माहेर मिटल्यावर दुसरे दार उघडून द्यायची तसदी कोणी घेतली नाही.

तिसरे कारण सर्वांत मोठे आणि त्याला सरकार जबाबदार नाही. ते म्हणजे आपला कान. ओळखीचे गाणे लागले की आपण ताल धरतो, अनोळखी लागले की उठून चहाला जातो. स्टेजवरचा पोरगा हे बघत असतो. पुढच्या वेळी तो मुकाट्याने ओळखीचेच वाजवतो आणि त्याचे स्वतःचे गाणे वहीत राहते.

पहिल्या दोन अडचणी आज पुष्कळ हलक्या झाल्या. गिटार घरपोच येते. घरच्या कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रण होते. कंपनीच्या दारात तिष्ठत बसण्याची गरज उरली नाही. 'इंडियन ओशन'ने २०१० मध्ये तो खजूर रोडचा अल्बम महिन्याला एक गाणे याप्रमाणे इंटरनेटवरून चक्क फुकट वाटला. नांदुऱ्याला जाऊन रेल्वे पकडा आणि मुंबई गाठा, ही सक्तीही संपली. जळगाव जामोदच्या खोलीत केलेले गाणे रात्रीतून जगात पोचू शकते. पण पोचणे वेगळे आणि ऐकले जाणे वेगळे. गाण्यांच्या या महापुरात नवख्याचे गाणे ऐकायला कोणाला सवड आहे? तिसरी अडचण जिथल्या तिथे आहे.

काही वाचक म्हणतील, हे परक्यांचे संगीत, त्याचे कौतुक कशाला? त्यांना हार्मोनियमची आठवण द्यावीशी वाटते. ती युरोपातून आली. परकी म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला मज्जाव केला. आज पेटीवाचून भजनी मंडळ उभे राहील का? मुंबईकडचा 'अभंग रिपोस्ट' हा तरुणांचा बँड गिटार-ड्रमच्या साथीने संतांचे अभंग गातो आणि कॉलेजातली मुले ते तोंडपाठ म्हणतात. वाद्य कुठून आले यापेक्षा त्यातून कोणाचे मन बोलते, हे महत्त्वाचे.

आईवडिलांची काळजीही खोटी नाही. बँडवर घर चालणे कठीण, हे वर सांगितलेल्या मंडळींनाही चुकलेले नाही. त्यातल्या काहींनी नोकऱ्या सांभाळत वाजवले. तेव्हा 'शिक्षण सोड आणि गिटार धर' असा सल्ला कोणी देणार नाही. 'अभ्यास कर आणि गिटारही ठेव' एवढे म्हणायला मात्र हरकत नसावी. चार पोरे वर्षानुवर्षे एका तालात राहतात, भांडतात, पुन्हा जमतात, दुसऱ्याचा सूर ऐकून स्वतःचा आवाज कमी करतात. हे शिक्षण कोणत्या शिकवणी वर्गात मिळते?

आपल्याच तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पीकपाण्याचे भाकीत ऐकायला दुरून शेतकरी येतात. गाण्याच्या पिकाचे भाकीत मात्र कोणी सांगू शकत नाही. तिथे पेरायचे आणि वाट पाहायची. म्हणून एक साधी सूचना. गणेशोत्सवात डीजेवर जो खर्च होतो, त्यातल्या एका संध्याकाळचा वाटा प्रत्येक मंडळाने गावातल्या पोरांना द्यावा. अट एकच, गाणे त्यांचे स्वतःचे हवे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक तास तसाच राखून ठेवावा. शाळेची एक खोली सुटीच्या दिवशी तालमीसाठी उघडावी. याला अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचे मन लागते.

आणि आपण श्रोत्यांनी? अनोळखी गाणे सुरू झाले की चहाला न उठता पाच मिनिटे बसून राहावे. पहिले गाणे कदाचित बेसूर असेल, दुसरे बरे असेल. तिसरे चांगले व्हायचे असेल, तर पहिल्या दोघांना कोणीतरी ऐकलेले असावे लागते.