व्हेजिटा, रावण आणि ऑफिसातला हुशार माणूस

हीरो सगळ्यांनाच आवडतो हो, पण भिंतीवर पोस्टर कोणाचं लागतं? माझ्या भिंतीवर व्हेजिटाचं. 'ड्रॅगन बॉल झी'मधला हा गर्विष्ठ राजपुत्र पृथ्वी संपवायला येतो, निरपराधांना मारतो आणि तरी गोकूपेक्षा जास्त भाव खाऊन जातो. का? गोकू हसत हसत पुढे जातो. व्हेजिटा जळतो, हरतो, पुन्हा सरावाला लागतो. अप्रेझलच्या महिन्यात आपणही तेच करतो ना!

मी गुरुकुंज मोझरीची. तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या गावातली मुलगी आणि असला हीरो? मैत्रिणींना नवल वाटतं. पण वऱ्हाडाला हे नवं नाही, बरं का! शेजारच्या अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी काळ्या दगडातला दशमुखी रावण आहे. दसऱ्याला तिथे त्याला जाळत नाहीत, विद्वान म्हणून पूजतात. आणि गाव रामालाही मानतं.

मला हेच पटतं. कौतुक करा, पण हिशेब सोडू नका. माजिन बूशी लढताना जीव द्यायला निघालेला व्हेजिटा विचारतो, मेल्यावर गोकू भेटेल का? पिकोलो स्पष्ट नाही म्हणतो. निरपराधांचे बळी त्याच्या नावावर आहेत. अकिरा तोरियामांनी व्हेजिटालाही सूट दिली नाही.

ऑफिसात मात्र आपण ती सर्रास देतो. 'काम भारी करतो यार, मग ओरडला तर काय झालं?' हुशारीला सलाम ठोकूच. पण ज्युनिअर पोरगी वॉशरूममध्ये रडून येते, ते कोणाच्या खात्यावर लिहायचं?