परमुलखात घर : मशवरा कोणाचा घ्यावा?

आष्टीसारख्या गावात भाड्याचे घर शोधणे फार अवघड नसते. जोहरच्या नमाजनंतर मशिदीत दोघांच्या कानावर घातले की संध्याकाळपर्यंत चार घरांची माहिती मिळते. मालक कसा आहे, पाणी किती दिवसांनी येते, शेजारी कोण, हे न विचारताही कोणीतरी सांगून जाते.

आता नर्सिंग, इंजिनिअरिंग शिकलेली आपली मुले-मुली इंग्लंडला निघतात. नेमणुकीच्या पत्रावर एखाद्या काउंटीचे, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचे नाव असते आणि तिथे ओळखीचे एकही माणूस नसते. मग नोकरी करणारा मोबाइलवर भाडे आणि कामाचे अंतर पाहतो आणि घर ठरवतो. नोकरी नवऱ्याची असो वा बायकोची, जो दिवसभर मुलांना घेऊन घरी राहणार त्याला सहसा कोणी विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की घर त्याच्या मशवऱ्याने निवडावे. कामावर जाणाऱ्याला सहकारी मिळतात, घरी राहणाऱ्याला फक्त तो मोहल्ला मिळतो.

उदाहरणासाठी लेस्टरशायर घेऊ. मधोमध लेस्टर शहर आणि भोवती लहान गावे. 2021 च्या जनगणनेनुसार लेस्टर शहरात सुमारे 23.5 टक्के लोक मुस्लिम आहेत, त्यांत गुजराती मुळाची कुटुंबे पुष्कळ. 1972 मध्ये युगांडातून आशियाई लोकांना हाकलले गेले, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आमच्या शहरात येऊ नका असे सांगितले होते. तरीही हजारो लोक आले, कारण त्यांचे नातेवाईक आधीच तिथे होते. माणूस माणसांच्या आधारानेच घर शोधतो.

शहराच्या पूर्वेकडील हायफिल्ड्स, एव्हिंग्टन या भागांत मशिदी, हलाल मटणाची दुकाने आणि मुलांचे मदरसे पायी अंतरावर आहेत. आपली दखनी-उर्दू समजणारेही भेटतात. पण नोकरी ग्लेनफिल्ड हॉस्पिटलमध्ये असेल तर ते शहराच्या पश्चिमेला आहे. रोज शहर ओलांडावे लागेल, रात्रपाळीलाही. शहराला लागून असलेले ओडबी शांत आहे. पत्त्यात लेस्टरच लिहितात, पण शाळेचा अर्ज सिटी कौन्सिलकडे नव्हे, लेस्टरशायर काउंटी कौन्सिलकडे करावा लागतो. आणखी दूर कोलव्हिलसारखे गाव घेतले तर तिथे आजही प्रवासी रेल्वे नाही. आष्टीकराला रेल्वेसाठी परतूर गाठावे लागते, तसेच. लफबरोला मात्र रेल्वे आहे, मशीदही आहे.

यांपैकी कोणते चांगले, याचे एकच उत्तर नाही. पण पारखण्याची एक रीत आहे. डिसेंबरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. लेस्टरमध्ये तेव्हा चार वाजण्याआधीच सूर्य मावळतो. शाळा साधारण तीन-साडेतीनला सुटते. पाऊस पडतो आहे, बाबागाडीत तान्हे बाळ आहे, मोटार कामावर गेली आहे. आता घरापासून शाळा, किराणा, डॉक्टर आणि मशीद यांपैकी काय काय पायी गाठता येते? तीन गोष्टी पंधरा-वीस मिनिटांत असतील तर घर राहण्याजोगे आहे. एकही नसेल, तर भाडे कितीही कमी असो, ती बचत घरी राहणाऱ्याच्या एकटेपणातून वसूल होणार. उन्हाळ्याचाही विचार करा. जूनमध्ये मगरिबच साडेनऊनंतर होते, इशा त्याहून बरीच उशिरा. मशीद लांब असेल तर मुले त्या जमातीला जाणे सुटते.

पैशाच्या बाबतीतही काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. आपल्याकडे घरपट्टी घरमालक भरतो, तिकडे कौन्सिल टॅक्स बहुधा भाडेकरूच भरतो आणि तो भाड्याहून वेगळा असतो. घर न पाहता परदेशातून पैसे पाठवू नका, फसवणूक होते. इंग्लंडमध्ये 2019 पासून अनामत रकमेवर मर्यादा आहे. सर्वसाधारण घराला पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि ती रक्कम घरमालकाने 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. घराचा ऊर्जा दाखला मागून घ्या. ए पासून जी पर्यंत त्याच्या श्रेणी असतात. श्रेणी खालची असेल तर घर गरम ठेवण्याचा खर्च वाढतो. भिंतींवर ओल, बुरशी आहे का, हे कोपऱ्यात आणि पलंगामागे पाहावे.

मुले शाळेच्या वयाची असतील तर आधी शाळा पाहा, मग घर. पुढच्या सप्टेंबरपासून प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाचा अर्ज 15 जानेवारीपर्यंत आणि माध्यमिकचा 31 ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो. वर्षाच्या मध्ये पोहोचलात तर ज्या शाळेत जागा रिकामी असेल तिथे प्रवेश मिळतो, आणि ती शाळा घरापासून दूरही असू शकते. म्हणून घराचा करार करण्यापूर्वी त्या भागाच्या कौन्सिलला जागांबद्दल विचारावे.

आपल्याच लोकांत राहावे की इतरांत, हा प्रश्नही निघतो. अरबीत म्हण आहे, घराआधी शेजारी पाहा. आणि सूरह निसामध्ये नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलेपणाने वागण्याची ताकीद आहे. पहिले वर्षभर ओळखीच्या भाषेचा आधार असलेला मोहल्ला बरा, असे मला वाटते. इंग्रजी बोलण्याचा आणि बसने फिरण्याचा धीर आला की मग ओडबी, लफबरो पाहावे. पहिले घर शेवटचे नसते.

म्हणून आष्टीतल्या अम्मी-अब्बांनी मुलाला पगार किती, हे विचारून झाले की सुनेलाही विचारावे, "बेटी, दिवसा तू कुठे जाशील, कोणाशी बोलशील?" सून नोकरीला जाणार असेल तर हाच प्रश्न मुलाला विचारावा. याचे उत्तर मिळाल्यावरच घराचा करार करावा.

अल्लाह आपल्या लेकरांचा सफर आसान करो आणि त्यांना नेक शेजारी देवो. आमीन.