ध्यानाला बसा, पण मेंदू वाढावा म्हणून नको

साठी ओलांडलेल्या सगळ्यांना एक विनंती आहे. ध्यान जरूर करा. पण ‘रोज ध्यान केलं की मेंदू पुन्हा तरुण होतो’ असं सांगणारे व्हिडिओ ग्रुपवर आले, तर ते पुढे ढकलू नका.

फ्रान्समध्ये काँ शहरात पासष्टीपुढच्या 137 निरोगी माणसांचे तीन गट केले. एकाला दीड वर्ष ध्यान शिकवलं, दुसऱ्याला इंग्रजी, तिसऱ्याचं आयुष्य होतं तसं चालू दिलं. (जन्मभर फ्रेंच बोललेल्यांना या वयात इंग्रजी शिकायला बसवणं ही मला तरी ध्यानाहून खडतर तपश्चर्या वाटते.) ध्यानवाल्यांना आठवड्याला 2 तासांचा वर्ग आणि घरी रोज निदान 20 मिनिटं बैठक. पहिले 9 महिने श्वासाकडे आणि मनात येणाऱ्या-जाणाऱ्या विचारांकडे लक्ष द्यायचं, पुढचे 9 महिने स्वतःबद्दल आणि इतरांबद्दल करुणा बाळगायचा सराव. 2022 साली निष्कर्ष छापून आले. मेंदूचे जे दोन भाग तपासायचे ठरलं होतं, त्यांचा आकार वाढला नव्हता, रक्तपुरवठाही नाही. पण लक्ष टिकवणं, भावना सांभाळणं, स्वतःला ओळखणं या सगळ्यांच्या एकत्रित गुणांत ध्यानवाले इंग्रजीवाल्यांच्या पुढे होते.

मला विचाराल तर हे पुष्कळ आहे. कारण आपलं रोजचं दुखणं कुठे असतं? रात्रीच्या बातम्यांत कुठेतरी दरड कोसळलेली दाखवतात. टीव्ही बंद होतो, तांब्याभांडं उशाशी येतं, दिवा मालवला जातो. पण चिखलात रुतलेली ती एक चप्पल डोळ्यांपुढून हलत नाही. मग मुलाला फोन. ‘घरी पोचलास ना रे?’ तो कधीच पोचलेला असतो. पुन्हा कूस बदलायची, पुन्हा तेच.

जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी तरुणांना आणि ज्येष्ठांना लोकांचे हाल दाखवणाऱ्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि फीत संपल्यावर मेंदूत काय चालतं ते स्कॅनरवर पाहिलं. ज्येष्ठांच्या मेंदूत, स्वतःविषयीचे विचार आणि आठवणी जिथे घोळतात त्या जाळ्यात, पाहिलेलं दुःख बराच वेळ रेंगाळत होतं. ज्यांचा स्वभाव काळजीचा, तेच तेच उगाळण्याचा, त्यांच्यात ते जास्तच. 2023 सालचं हे संशोधन. एरवी वय वाढतं तसा माणूस रागलोभ जास्त चांगले सांभाळतो, हेही खरं. सुटत नाही ते हे रेंगाळणं, आणि ध्यानाकडे मदत मागायची ती इथे.

बसायला खुर्ची चालते. गुडघे कुरकुरत असताना पद्मासनाचा हट्ट कशाला? आधी लघवीला जाऊन या, जेवणावर लगेच बसू नका. सुरुवात 10 मिनिटांनी करा. श्वास येतो-जातो तो नुसता बघा. विचार येणारच. त्याच्याशी भांडू नका. ‘काळजी आली’ एवढं मनात म्हणा आणि श्वासाकडे परत या. डुलकी लागली तर लागली. शेवटची दोन-तीन मिनिटं कुणाचं तरी भलं चिंता: आधी नातवंडाचं, मग शेजाऱ्याचं, मग त्या दरडीखालच्या घरातल्यांचं, आणि सर्वांत शेवटी स्वतःचं. आपल्या पिढीतल्या बायकांना हे शेवटचं फार जड जातं. त्यांनी तर ते चुकवूच नये.

एकट्याने जमत नसेल तर विरंगुळा केंद्रात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात चौघांना धरून बसा. इगतपुरीच्या विपश्यनेबद्दल बरेच जण विचारतात. शिबिर मोफत असतं, पण 10 दिवस मौन आणि पहाटे 4 वाजता उठणं असतं. नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका, आणि केंद्रालाही तो आजार सांगा. ध्यान सुरू केलं म्हणून बीपीची किंवा नैराश्याची गोळी परस्पर बंद करू नका. बसल्यावर भीती वाढत असेल, रडू थांबत नसेल, तर उठा. 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गॅस चालू राहतोय, ओळखीचा रस्ता चुकतोय, अशी विसराळूपणाची लक्षणं दिसली तर मात्र ध्यानावर भिस्त ठेवू नका. आधी डॉक्टरांकडे जा. बी-12 कमी असणं किंवा थायरॉइड बिघडणं यानेही असं होतं, आणि त्यावर औषध आहे.

आता घरातल्यांना. आजी बसली असेल तेव्हा ‘दूध उतू जातंय का बघा हो’ अशी आतून हाक नको. तेवढा वेळ दूध तुम्ही बघा.