दिवाळीत हिमालयात निघालात? परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा

दिवाळीच्या सुटीत अन्नपूर्णा सर्किट किंवा हिमालयातल्या अशाच लांब पल्ल्याच्या ट्रेकला निघालेल्या प्रत्येकाला, आणि त्यांच्या घरच्यांनाही, हे कळकळीचं आवाहन आहे. सॅक भरण्याआधी दिवसवार कार्यक्रम समोर घ्या. त्यात एकही मोकळा दिवस नसेल, तर तो कार्यक्रम धोक्याचा आहे.

ऑक्टोबर हा हिमालयातला सगळ्यात देखणा महिना, हे खरंच. पाऊस ओसरलेला, हवा स्वच्छ, शिखरं पहाटेपासून उघडी. पण बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठण्याचा काळही हाच. किनाऱ्यावर आल्यावर वादळाचा जोर ओसरतो. त्यातलं बाष्प मात्र कधी कधी थेट पर्वतापर्यंत पोचतं आणि उंचावर बर्फ होऊन कोसळतं. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद हे चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. 14 तारखेला नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटवरच्या थोरोंग ला या 5416 मीटर उंचीच्या खिंडीत आणि मनांग-मुस्तांग भागात हिमवादळ झालं, हिमकडे कोसळले. चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी ट्रेकर होते, तसे नेपाळी गाईड आणि पोर्टरही होते.

त्या खिंडीचा दिवस मुळातच मोठा. पहाटे अंधारात हेडटॉर्च लावून चढायला लागायचं आणि पलीकडे मुक्तिनाथपर्यंत सुमारे सोळाशे मीटर उतरायचं. उतार रुंद, उघडा. झाड नाही, आडोसा नाही. जोराचा बर्फ सुरू झाला की पुढच्याच्या पावलांचे ठसे बघता बघता बुजतात, आभाळ आणि जमीन वेगळी ओळखू येत नाही. दमलेला माणूस जरा टेकतो. ओल्या कपड्यांत, त्या वाऱ्यात टेकलेला माणूस पुन्हा उठेलच असं नाही.

अशा हवेत निघू नये, हे कुणाला कळत नाही? तरी पाय निघतात. कारण परवाचं विमान असतं, सोमवारी ऑफिस असतं, ग्रुपमधले बाकीचे बूट बांधून उभे असतात. म्हणून थांबण्याचा निर्णय खिंडीच्या पायथ्याशी घ्यायचा नसतोच, तो घरी तिकीट काढतानाच घ्यायचा असतो.

निघण्याच्या आठवड्यात उपसागरावर नजर ठेवा. वाटेत प्रत्येक मुक्कामी हवामानाचा अंदाज विचारा. घरच्यांनी वादळाची बातमी ऐकली तर मिळेल त्या मार्गाने निरोप धाडावा. वादळ येतंय असं कळलं की आहात त्या गावात थांबा. गाईड ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, पैशांचं आमिष तर मुळीच दाखवू नका. पोर्टरच्या पायांत बूट आणि अंगात जाड जॅकेट आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा. नसेल तर ग्रुपने मिळून घेऊन द्या.

राखून ठेवलेले मोकळे दिवस उंचीची सवय होण्यासाठीही लागतात. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवीच. डोकेदुखीसोबत तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला खाली न्या.

तिकीट काढलं नसेल तर दोन दिवस पुढचं काढा. काढून झालं असेल तर आजच बदला, बदलण्याचे पैसे पडले तरी पडू द्या. आणि साहेबांकडे दोन दिवसांची जादा रजा आत्ताच मागून ठेवा.