रॅक फेकण्याआधी उघडा

जुन्या स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग ढिलं किंवा जड झालं की हल्ली एकच सल्ला मिळतो: रॅक बदलून टाका. रीलमध्ये तर तो चाळीस सेकंदांत बदलूनही होतो. ऑइलने माखलेला जुना रॅक धपकन जमिनीवर पडतो, खोक्यातून काळा चकचकीत नवा निघतो, चार बोल्ट, वर गाणं, खाली टाळ्यांचे इमोजी. बघायला मजा येते, मीही बघतो. पण जुन्या रॅकला नेमकं काय झालं होतं, हे त्या चाळीस सेकंदांत कुणीच सांगत नाही. सांगणार कसं? उघडून पाहिलेलंच नसतं. न उघडता रॅक बदलणं हा निव्वळ आळस आहे, आणि तो सुरक्षिततेच्या नावाखाली खपवला जातोय.

हवेत बोलण्यापेक्षा एक गाडी घेऊ. आज आपल्या रस्त्यांवर एमजीचा बिल्ला लावलेल्या एसयूव्ही दिसतात. त्याच बिल्ल्याची एमजीबी ही दोन दारांची स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, आणि त्यातल्या पुष्कळ आजही चालतात. ब्रिटनमध्ये या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा विकत मिळतो. सगळं मिळतं म्हणूनच काही उघडायची सवय गेली, असं माझं मत आहे.

रॅक म्हणजे काय, हे थोडक्यात. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनिअन. ते एका आडव्या दातेरी सळईवर फिरतं, ती सळई म्हणजे रॅक. सळई डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन टोकांना जोडलेले टाय रॉड चाकं वळवतात. पिनिअनच्या समोरच्या बाजूने एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या सळईला दाबून धरतात, म्हणजे दात्यांमध्ये पोकळी राहत नाही. सगळं एका नळकांड्यात, दोन्ही टोकांना रबरी घडीचे बूट. ज्यांच्या घरी अ‍ॅम्बॅसेडर होती त्यांनी हेच यंत्र हातात धरलेलं आहे. पद्मिनीत मात्र रॅक नव्हता, तिथे वेगळा स्टिअरिंग बॉक्स असायचा.

आता आजार. एमजीबीचं स्टिअरिंग जड झालं की पहिला आळ रॅकवर येतो आणि बऱ्याचदा तो खोटा असतो. या गाडीच्या पुढच्या चाकांना किंगपिन आहेत, त्यांना ग्रीसचे निपल आहेत, आणि तिथे नियमाने ग्रीस मारायचं असतं. मालक ते विसरतो. किंगपिन कोरडे पडतात, चाक वळायला कुरकुरतं, जोर स्टिअरिंगवर जाणवतो. त्यात कुणी रुंद टायर लावलेले असतात, कुणी मूळचं मोठं स्टिअरिंग व्हील काढून दिसायला देखणं छोटं बसवलेलं असतं. मग म्हणायचं, रॅक गेला!

खरं-खोटं करायला अर्धा तास पुरतो. गाडीचं पुढचं तोंड जॅकने उचलून घोड्यांवर ठेवा, टाय रॉडची बाहेरची टोकं सोडवा आणि स्टिअरिंग फिरवा. दोन बोटांनी सहज फिरलं, तर रॅक निर्दोष आहे आणि दोष बाहेर चाकाकडे आहे. तसंच ढिलेपणाचं. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने बुटावरून हात लावून बघायचं, प्ले नक्की कुठल्या सांध्यात आहे. आतला बॉल जॉइंट असेल, बाहेरचा असेल, वरच्या दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट असेल. हे न करता नवा रॅक मागवणारा माणूस पोट दुखतंय म्हणून दात काढून घेणाऱ्यासारखा वाटतो मला.

दोष रॅकमध्येच निघाला, तरी गोष्ट संपत नाही. उलट इथे खरी मजा सुरू होते. बूट सोडा. आतून काय येतं ते आधी नीट बघा. स्वच्छ ऑइल आलं तर आत बहुतेक सगळं ठीक आहे. तांबूस चिखल आला तर बूट फाटून पाणी आत गेलंय आणि गंजाने काम सुरू केलंय. दहा-वीस पाउंडांचं रबर वेळेवर बदललं असतं तर हे झालंच नसतं. मग आतले बॉल जॉइंट, दट्ट्याचं झाकण, स्प्रिंग, पातळ पत्र्यासारखे शिम, पिनिअन, आणि शेवटी सळई बाहेर.

त्या सळईवर गाडीचं आयुष्य उमटलेलं असतं. माणूस बहुतेक वेळ सरळच चालवतो, त्यामुळे मधले दाते जास्त झिजतात आणि टोकाचे जवळजवळ कोरे राहतात. म्हणूनच ढिलेपणा घालवायला दट्ट्या नुसता आवळून चालत नाही. मध्ये बरोबर बसला, तर पूर्ण वळणावर, जिथे दाते झिजलेले नाहीत, तिथे तो अडकतो. भर चौकात वळताना स्टिअरिंग आवळून यावं यासारखी भीतीदायक गोष्ट नाही. अशी सळई बाद. तिथे माझा काहीही वाद नाही. दात्यांना खड्डे पडलेत, गंजाने पृष्ठभाग खाल्लाय, फुटपाथला आदळून सळई वाकलीय, तर भावनेत अडकू नका, बदला. पण हा निकाल उघडून बघितल्यावर द्यायचा असतो.

आणि सळई चांगली निघाली तर लागतं काय? टोकाचा बुश, सील, बॉल जॉइंटचे भाग, नवे बूट, आणि शिम मोजून बसवण्याचा धीर. दट्ट्यापाशी ठेवायची फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. अंदाजाने होणारं काम नाही, पण मोजता येणाऱ्याला अवघडही नाही. मग ऑइल. जुन्या एमजीबीच्या रॅकमध्ये कारखान्याने गिअरचं जाड ऑइल सांगितलेलं होतं, आणि ते पाव लिटरपेक्षाही कमी लागतं. लोक त्यात घट्ट ग्रीस कोंबतात. ग्रीस एकदा दात्यांवरून बाजूला सारलं गेलं की परत येत नाही. ऑइल परत वाहत येतं. एवढा साधा फरक.

आता बदलणाऱ्यांचा लाडका मुद्दा: कामधंदा सोडून एवढं कोण करणार, नवा बसवला की झंझट संपली. नाही संपत. एमजीबीत पिनिअन आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यामध्ये एकच युनिव्हर्सल जॉइंट आहे, त्यामुळे दोघांच्या रेषा नेमक्या जुळाव्या लागतात. त्यासाठी रॅकच्या बैठकीखाली शिम घालून कोन साधावा लागतो. रॅक नवा आणि रेषा चुकलेली असेल तर स्टिअरिंग जड होतं, सांधा लवकर मरतो, आणि मालक म्हणतो नवे पार्ट हल्ली चांगले येत नाहीत. शिवाय सळई मध्यावर आणून मगच दांडा जोडायचा, चाकांचा टो-इन दीड ते अडीच मिलिमीटरच्या आत आणायचा, नवा रॅक आतून कोरडा तर नाही हे पाहायचं. जो माणूस हे नीट करू शकतो तो रॅक उघडूही शकतो. ज्याला हे जमत नाही त्याने बदलूही नये.

‘ओरिजिनल’वाल्यांचाही मी नाही. जुना रॅक आहे म्हणून त्याला हातच लावायचा नाही, फक्त क्रोम पुसत बसायचं, ही भक्ती आळसाचीच सोवळी बहीण आहे. आणि आपल्याकडच्या ‘जुगाड’ला टाळ्या वाजवणाऱ्यांनाही आवर घालावासा वाटतो. लेथवर बुश वळवून रॅक तंदुरुस्त करणारा फिटर हा कारागीर. टाय रॉडला वेल्डिंग मारून देणारा कारागीर नाही, तो कुणाचा तरी जीव घेईल.

हा वाद माझ्या लेखी नुसता हौशी का नाही, याचं कारण कायद्यात आहे. मे 2018 पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे आता प्रत्येक एमजीबी त्यात येते. वर्षातून एकदा टॉर्च घेऊन बुटाची चीर शोधणारा, चाक हलवून प्ले बघणारा तो अनोळखी माणूस आता सक्तीचा राहिला नाही. मालक स्वतःहून नेईल तर ठीक. नाहीतर गाडी आणि समोरून सायकलवर येणारी पोरं यांच्यामध्ये फक्त मालकाची समज उरते. आणि ती समज आपण खोक्यात भरून, डिपॉझिट परत मिळतंय म्हणून, जुन्या रॅकसोबत कुरिअरने पाठवून देतोय.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा मोह वेगळा. खांदा दुखतो, मनगट गेलंय, वय झालंय, अशा माणसाने ते जरूर बसवावं आणि गाडी चालवत राहावं. त्याला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. पण एक टनाच्या आसपासची गाडी धडधाकट तरुणाला जड लागत असेल तर आधी टायरमधली हवा बघा. मोटर बसवली की कोरड्या किंगपिनची तक्रार हाताला ऐकू येणं बंद होतं, किंगपिन मात्र झिजतच राहतो.

आणि कधी अशी गाडी विकत घ्यायला गेलात, इंग्लंडमध्ये किंवा पुण्यात, आणि विकणारा ‘स्टिअरिंग रॅक नवा टाकलाय’ म्हणून बिल पुढे करू लागला, तर बिल नंतर बघा. आधी विचारा: जुन्याला काय झालं होतं?