मुलांना खिळ्यांविषयी सांगावे का?

प्रायश्चित्तकाळ आला की धर्मशिक्षण देणाऱ्या आम्हा मंडळींत हा वाद ठरलेला. १९६८ साली जेरुसलेमजवळ एका माणसाच्या टाचेचे हाड सापडले. लोखंडी खिळा त्यात अजून रुतलेला होता. रोमी सत्ता गुलामांना, बंडखोरांना असे चारचौघांदेखत टांगी. माणूस तासन्‌तास तडफडे, कधी दिवसेंदिवस. सातवी-आठवीच्या मुलांना हे सांगावेच. नाहीतर क्रूस म्हणजे गळ्यातला दागिना!

लहानग्यांचे काय? धार-देवासकडच्या मुलांना हा प्रश्न दूरचा नाही. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या धन्य सिस्टर राणी मारियांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात भोसकून मारले. अंगावर पन्नासहून अधिक वार. तो आकडा आम्ही पहिलीतल्या पोरांना सांगत नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, ते सांगतो.

तरी एखादे पोर विचारतेच, “सिस्टरला खूप दुखलं का?”

“हो, खूप.” त्याच्याशी खोटे कसे बोलावे? पण तेवढेच. संत लूकही खिळण्याची गोष्ट एका वाक्यात उरकतो आणि लगेच येशूने मागितलेल्या क्षमेकडे वळतो.