शरद, पानगळ आणि उचल

मराठी काव्यसमीक्षेत ऋतूंविषयी जे लिहिले जाते, त्यामागे दोन गृहीतके जवळजवळ नेहमीच उभी असतात. पहिले असे की, शरद म्हणजे इंग्रजी कवितेतील ‘ऑटम’. म्हणून शरदाचे नाव आले की ओसरते आयुष्य, गळती पाने आणि क्षणभंगुरतेची हुरहुर हा अर्थ हाताशी तयारच असतो. दुसरे असे की, आपली कालकल्पना चक्राकार आणि पाश्चात्त्यांची रेषात्मक. म्हणून आपले ऋतुकाव्य हे आपोआपच पुनरागमनाच्या आश्वासनाचे काव्य ठरते. ऱ्हासाची हुरहुर आणि पुनरागमनाचे आश्वासन ही दोन्ही एकाच लेखात सुखाने नांदताना दिसतात आणि त्यांच्यातील ताण लेखकाला जाणवतही नाही. माझे म्हणणे असे की ही दोन्ही गृहीतके तपासून टाकून देण्याची वेळ आली आहे. आणि त्या तपासणीसाठी पालघर-बोईसर-तारापूर हा पट्टा व त्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुके यांच्याइतका उपयुक्त प्रदेश क्वचितच सापडेल.

पहिल्या गृहीतकाचा निकाल पंचांग आणि झाडे मिळूनच लावतात. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. या दिवसांत येथे पाऊस मागे फिरलेला असतो, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झालेला असतो, हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते आणि गरवे दिवाळीच्या मागेपुढे. सातपाटीच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेनंतर उघडलेला मासेमारीचा हंगाम आता ऐन भरात असतो. साग आणि पळस निष्पर्ण होतात ते माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिरात. संस्कृत काव्यसंकेतही याला दुजोरा देतात : निरभ्र आकाश, निवळलेले पाणी, कमळे, हंस, काशाची पांढरी फुले. यांत ऱ्हासाची एकही खूण नाही. वैदिक प्रार्थनेत आयुष्य मागितले जाते तेही शंभर शरदांचे. कारण त्या भाषेत ‘शरद’ या शब्दाचा अर्थ ऋतू असा होतो तसाच वर्ष असाही होतो. शरदाशी काळाचे नाते आहे, पण ते काळ गमावण्याचे नसून काळ मोजण्याचे आहे.

ज्यांच्याकडून आपण ‘ऑटम’ उसना आणला, त्यांच्याकडेही तो इतका सरळ नाही. कीट्‌सने सप्टेंबर १८१९ मध्ये लिहिलेल्या ‘टु ऑटम’ या सुप्रसिद्ध कवितेत पानगळ जवळजवळ नाहीच. आहे तो सुगीचा भार आणि कापणीचे श्रम. त्याच वर्षी १६ ऑगस्टला मँचेस्टर येथे पीटर्लूचे हत्याकांड झाले होते. तो इतिहास या कवितेच्या प्रसन्नतेतून वगळला गेला आहे काय, हा प्रश्न जेरोम मॅगन यांनी १९७९ मध्ये उपस्थित केला आणि त्यावर इंग्रजी समीक्षेत दीर्घ वाद झाला. आम्ही त्यांचा ऋतू घेतला, त्यांचा वाद मात्र घेतला नाही.

मग आपल्या परंपरेत शरदाचा गाभा कोणता? माझ्या मते, प्रस्थान. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघू दिग्विजयाला निघतो तो शरदात, कारण नद्या उतरलेल्या असतात आणि वाटांचा चिखल वाळलेला असतो. किष्किंधाकांडात राम पावसाळा संपण्याची वाट पाहतो आणि शरद आल्यावरही सुग्रीव हलत नाही म्हणून संतापतो. दसऱ्याचे सीमोल्लंघन याच आशयाचे आहे. शरद हा घराबाहेर पडण्याचा ऋतू आहे.

आणि तो आजही तसाच आहे. बाहेर पडणारा तेवढा बदलला आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील आदिवासी कुटुंबे भाताची कापणी-झोडणी उरकून दिवाळीनंतर वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. अनेकांनी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते; ती फेडण्यासाठी लेकराबाळांसह पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राबायचे आणि शेवटी हिशेब ऐकून परतायचे. हिशेबात बाकी निघाली तर पुढच्या शरदाचे प्रस्थानही तेथेच ठरते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा. पण उचल ही संस्था त्या कायद्यानंतरही टिकून राहिली.

काशफुलांचे घ्या. गवत हे शरदाचे काव्यचिन्ह. परंतु या प्रदेशात ते मुंबईच्या तबेल्यांना पुरवण्याचा माल होते आणि त्याच्या कापणीला दर होता. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली मजुरांनी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मागितले. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड व त्यांचे साथी मारले गेले. या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये सांगितली आहे. हे पुस्तक आपण ‘सामाजिक वाङ्मय’ या कप्प्यात ठेवतो आणि ऋतुवर्णनासाठी दुसरीकडे जातो. ही विभागणीच माझ्या आक्षेपाचा विषय आहे.

आता दुसरे गृहीतक. चक्राकार काळाचा दाखला म्हणून अलीकडे वारली चित्रातील तारपानृत्य पुढे केले जाते. तारपा वाजतो तो भात पिकण्याच्या दिवसांत, म्हणजे शरदातच. पण जिव्या सोमा म्हसे यांची नृत्यचित्रे नीट पाहावीत. तेथे मिटलेले वर्तुळ नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत जाणारी सर्पिल रांग आहे आणि तिला मोकळे टोक आहे. त्या टोकाशी शेवटचा नाचणारा उभा असतो. चित्र एक सांगते आणि भाष्यकार दुसरेच वाचतो, असा हा प्रकार आहे. उचलीवर जगणाऱ्याच्या दृष्टीने तर ऋतू परत येतो, पण त्याच जागी परत येत नाही; बाकी वाढलेली असते, मुलाची शाळा सुटलेली असते.

याच गृहीतकाची दुसरी बाजू म्हणजे यंत्रयुगाने ऋतू संपवले ही तक्रार. तारापूरची अणुवीज १९६९ पासून निर्माण होते आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या बारमाही चालतात. तेव्हा येथे काळ रेषात्मक झाला, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या इमारतींमध्ये हा कामगार राहतो त्यांना लागणारी मातीची वीट पावसात थापता येत नाही. ती दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांतच तयार होते आणि ती थापण्यासाठी शरदातले प्रस्थान लागते. नगराचा रेषात्मक काळ ऋतूच्या पाठीवर उभा आहे. दोन काळ एकमेकांचे शत्रू नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

यावर आक्षेप येईल की, ही कवितेची समीक्षा नव्हे, समाजशास्त्र आहे. काव्यातील शरद स्वायत्त असतो. या आक्षेपाला उत्तर परंपरेनेच दिलेले आहे. कालिदासाचा शरद सुंदर आहे आणि त्याच शरदात नदी पार करता येते. त्याच्या वर्णनातून वाळलेली वाट वगळली तर रघूच्या प्रस्थानाचे प्रयोजन उरत नाही. सौंदर्य आणि व्यवहार यांची फारकत कवीने केलेली नाही, ती समीक्षेने केली आहे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यामहिन्याने लिहिलेले आहे, ते याच कारणाने महत्त्वाचे वाटते : तेथे ऋतूची कल्पना नंतर येते, पाहणे आधी.

म्हणून ऋतुकाव्याच्या अभ्यासकाने कवितेत शरद आला की प्रथम काही साधे प्रश्न विचारावेत. हा शरद कोणत्या पंचांगातला आणि कोणत्या भूभागातला? त्यात कोण थांबते आणि कोण निघते? मोजला जाणारा काळ कोणाच्या वहीत मोजला जातो? उत्तरे कवितेत नसतील, तर त्यांचा अभावही वाचावा. कार्तिकात रिकाम्या झालेल्या पाड्यावरचे स्वच्छ चांदणे सुंदर असते, हे नाकारण्याचे कारण नाही. पाडा रिकामा का, हे न विचारता त्या चांदण्याचे रसग्रहण पूर्ण होते, एवढेच मला मान्य नाही.